पेजेपासून नळीपर्यंत: रत्नागिरीतील रुग्णाहार आणि घशाचा कर्करोग

रत्नागिरी जिल्ह्यात आजारी माणसाचे पहिले अन्न म्हणजे पेज. धडधाकट माणसाची न्याहारीही तीच. शेतावर निघालेला कुणबी भरल्या वाडग्याला मीठ, लोणच्याची फोड किंवा निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा लावून ती पितो. अंगात ताप आला की तोंडीलावणे सुटते, शिते कमी होतात आणि उरते ते तांदळाचे गरम, किंचित खारट पाणी. कोकणातल्या शेकडो वर्षांच्या पथ्याचा पाया हाच होता. घशाच्या कर्करोगावरचे उपचार या जिल्ह्यातल्या माणसांच्या वाट्याला आले तेव्हा रुग्णासोबत हे पथ्यही रुग्णालयात गेले. तिथे ते पुरे पडले नाही, आणि पुढल्या सत्तर-ऐंशी वर्षांत त्याला आतून बदलावे लागले.

पेजेचे शास्त्र जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात 28 प्रकारच्या यवागू सांगितल्या आहेत. त्यातल्या बहुतेक म्हणजे निरनिराळी औषधी द्रव्ये घालून शिजवलेल्या पेजाच. शिते गाळलेला मंड, थोडी शिते असलेली पेया आणि शितांनी दाट झालेली विलेपी असे टप्पे आयुर्वेदाने केले. वमन-विरेचनासारख्या शोधनानंतर मंदावलेला अग्नी हळूहळू वाढावा म्हणून रुग्णाला पेयेवरून विलेपीवर, विलेपीवरून मुगाच्या कढणावर आणि शेवटी मांसरसावर आणण्याचा क्रम ठरलेला होता. म्हणजे या शिडीची दिशा वरची आहे, आणि पेज ही तिची पहिली पायरी आहे. घरगुती पथ्यात मात्र पहिलीच पायरी ठळक राहिली. आजार लांबला तरी रुग्ण पेजेवरच ठेवला जाई आणि वरच्या पायऱ्या ‘बरा झाल्यावर’ म्हणून पुढे ढकलल्या जात. चार दिवसांच्या तापात त्याने बिघडत नसे. महिनोन्महिने चालणाऱ्या आजारात बिघडे.

ही समजूत फक्त कोकणची नव्हती. युरोपातही तापाला उपाशी ठेवण्याची रीत होती. एकोणिसाव्या शतकात डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी तापाच्या रुग्णांना खायला घालण्याचा आग्रह धरला, तो त्या काळी धाडसाचा वाटला. इकडे विषमज्वराच्या रुग्णाला पेज, मोसंबीचा रस आणि ग्लुकोजचे पाणी एवढ्यावर तीन-तीन आठवडे काढावे लागल्याच्या आठवणी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरोघर होत्या.

रत्नागिरीच्या स्वयंपाकघरात आजाऱ्याच्या अन्नाचे प्रकार बरेच होते, आणि ते नीट पाहिले पाहिजेत, कारण पुढे त्यांचेच कमी-जास्त करून नवा आहार बांधला गेला. तांदूळ भाजून, भरडून केलेली कण्यांची कण्हेरी. तांदूळ आणि थोडी मुगाची डाळ एकत्र मऊ शिजवून तूप-मीठ घातलेली आटवल. लहान मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा गुरगुट्या भात. दक्षिणेकडे राजापूर-लांज्याच्या बाजूला उकड्या तांदळाची पेज अधिक. भात सालीसकट उकडून मग कांडल्याने कोंड्यातले ब-1 जीवनसत्त्व दाण्यात मुरते, त्यामुळे ही पेज पांढऱ्या तांदळाच्या पेजेपेक्षा सकस. पोट बिघडले तर तवकिलाची किंवा साबुदाण्याची खीर, सर्दी-पडशाला कुळथाचे कढण किंवा चिंबोऱ्यांचा रस. मासळी खाणाऱ्या घरांत मुडदुशी हा आजाऱ्याचा आणि बाळंतिणीचा मासा. हलका, कमी चरबीचा, पचायला सोपा. नाचणीची आंबील उन्हाळ्याची, तर नाचणीचे सत्त्व तान्ह्या मुलांचे आणि अशक्तांचे.

या यादीमागे गरिबीही आहे. 1880 मध्ये छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड पाहिला तर भाताच्या बरोबरीने नाचणी, वरी आणि हरीक ही डोंगरउताराची धान्ये दिसतात. सड्याच्या कातळावर भात पिकत नाही. खाचरे थोडी आणि खाणारी तोंडे फार. तांदूळ अनेक घरांत सणाचा आणि आजारपणाचा होता, रोजची भाकरी नाचणीची. दूध कोकणात कमीच. कर्करोगासारखा आजार जडण्याआधीच माणूस अर्धपोटी असे, ही गोष्ट आहाराच्या इतिहासात विसरता येत नाही.

नाचणीच्या सत्त्वाकडे वेगळे लक्ष द्यायला हवे. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, पाट्यावर वाटायची, पाणी घालून गाळायची आणि तळाशी बसलेला साका उन्हात वाळवायचा. काही घरांत मोड आलेली नाचणी वाळवून, भाजून, दळून त्याचेच पीठ करतात. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते आणि ते पिष्टाचे लांब रेणू तोडते. त्यामुळे मोडाच्या पिठाची खीर शिजवल्यावर घट्ट गोळा होत नाही. तेवढ्याच पातळपणात जवळजवळ दुप्पट पीठ बसते आणि घासागणिक ताकद वाढते. 1980 च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी हेच तत्त्व कुपोषित मुलांच्या आहारासाठी तपासले. दाट खिरीत मोडाचे थोडे पीठ टाकले की खीर सैल होते आणि मूल जास्त खाऊ शकते, हे त्यांच्या गटाने दाखवले. गिळता न येणाऱ्या रुग्णाची अडचणही तीच असते. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हा लाभ वेगळा. मात्र गाळून केलेल्या सत्त्वात चोथ्याबरोबर प्रथिनेही बरीच जातात, म्हणून अशक्त माणसासाठी न गाळलेले मोडाचे पीठ अधिक चांगले.

कर्करोगाच्या आधुनिक उपचारांशी रत्नागिरीची गाठ पडली ती मुंबईत. जिल्ह्यातून कापड गिरण्यांत गेलेले चाकरमानी परळ, लालबाग, नायगाव, शिवडीच्या चाळींत राहत. 28 फेब्रुवारी 1941 रोजी याच वस्तीत, परळला, टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यांच्यामागून पुढच्याच वर्षी सर दोराबजीही. त्यांच्या न्यासाने हे रुग्णालय उभारले. 1957 मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1944 मध्ये मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग 1,000 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू आणि पानसुपारी यांच्याशी या आजाराचे नाते शोधण्याच्या कामाचा पाया अशा नोंदींनी घातला. कोकणात तंबाखू चघळली जाई, विडी ओढली जाई आणि बायका भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावीत. तोंडाचे आणि घशाचे कर्करोग इथे नवे नव्हते. नवी होती ती त्यावर उपचार होण्याची शक्यता.

त्या काळी रत्नागिरीहून मुंबईला जायचे ते बोटीने. पावसाळ्यात बोटी बंद, मग घाटावरून लांबचा प्रवास. घास अडकू लागला तरी माणूस आगोटीला घरीच राही आणि दसऱ्यानंतर निघे. तोवर तो पेज आणि चहा यांवरच जगलेला असे. मुंबईत पोचल्यावर मात्र एक मोठा आधार होता. गावच्या मंडळाची खोली, तिथे राहणारे भाऊबंद आणि चाळीतल्या बायका. रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आपल्या गावची चूल असणे हे दूरवरून येणाऱ्या बहुतेक रुग्णांना न मिळणारे भाग्य रत्नागिरीकरांना मिळाले. पेज, मऊ भात, माशाचे पातळ कालवण डब्यातून रुग्णालयात जाई. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांनी हजारो कामगारांना जेवू घातले. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांनाच एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. रुग्णाच्या डब्याची जबाबदारी अशाच हातांवर होती, आणि तिची नोंद कुठल्याही रुग्णालयाच्या अहवालात सापडणार नाही. ज्यांचे मुंबईत कोणी नव्हते त्यांना पुढे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीने निवारा आणि जेवण दिले.

उपचार मात्र असे होते की डबा आला तरी खाता येऊ नये. घशावर किरणोपचार, ज्याला बोलीत ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा ते सात आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाची आणि घशाची अंतस्त्वचा सोलवटते. लाळ आटते, उरलेली चिकट होते, चव जाते. पाणीदेखील काचेसारखे लागते. किरणांसोबत सिस्प्लॅटिनसारखे औषध दिले तर मळमळ वाढते. उपचार संपल्यावरही दोन-तीन आठवडे हा त्रास टिकतो, लाळेचा त्रास कधीकधी वर्षानुवर्षे. रेडियम आणि खोल क्ष-किरणांच्या जुन्या काळापासून कोबाल्टपर्यंत आणि आजच्या लिनियर ॲक्सिलरेटरपर्यंत यंत्रे सुधारली, किरणांचा नेम अचूक झाला, तरी गिळण्याचा त्रास पूर्ण गेलेला नाही.

अशा वेळी घरचे पथ्य अपुरे कसे पडते ते साध्या हिशेबाने कळते. वाटीभर पातळ पेजेत जेमतेम चमचाभर, म्हणजे 15 ग्रॅम, तांदूळ असतो. त्यातून पन्नासेक कॅलरी आणि ग्रॅमभर प्रथिन मिळते. कर्करोगाच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला 25 ते 30 कॅलरी आणि सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. 50 किलोच्या माणसाला 1,500 कॅलरी पेजेतूनच द्यायच्या तर रोज अठ्ठावीस-तीस वाट्या पाजाव्या लागतील, आणि एवढे करूनही प्रथिने निम्मीच भरतील. तवकील, साबुदाणा, ग्लुकोजचे पाणी, चहात बुडवलेले बिस्किट यांची गतही वेगळी नाही. पोट भरल्यासारखे वाटते, अंग मात्र झिजत राहते.

वजन घटण्याचा अर्थ वैद्यकालाही उशिराच उमगला. 1936 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँडचे शल्यविशारद हायरम स्टडली यांनी जठरव्रणाच्या रुग्णांचा अभ्यास करताना पाहिले की शस्त्रक्रियेआधी ज्यांचे वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त उतरले होते त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सुमारे 33 टक्के होते, तर बाकीच्यांत साडेतीन टक्के. 1980 मध्ये तीन हजारांवर कर्करुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि उपचाराआधी वजन घटलेले रुग्ण कमी जगतात, असे दिसले. त्यानंतर कर्करोगाच्या विभागात वजनकाट्याला मान मिळाला. आजारात माणूस वाळणारच, हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे समाधान तिथे चालेनासे झाले.

तोंडाने जाईना तेव्हा नाकातून नळी आली. इंग्लंडचे डॉक्टर जॉन राइल यांनी 1921 मध्ये ही बारीक रबरी नळी काढली ती जठरातला रस बाहेर काढून तपासण्यासाठी. पुढे तिचा उलटा उपयोग, म्हणजे अन्न आत सोडणे, जगभर रूढ झाला आणि ‘राइल्स ट्यूब’ हे नाव भारतातल्या प्रत्येक वॉर्डात पोचले. पोटावर छोटे छिद्र पाडून दुर्बिणीच्या मदतीने थेट जठरात नळी बसवण्याची रीत 1980 मध्ये प्रसिद्ध झाली. लांबणाऱ्या उपचारात ती अधिक सोयीची ठरते. रत्नागिरीच्या घरांत नाकातल्या नळीची भीती मोठी होती आणि अजून आहे. नळी लागली म्हणजे शेवट आला, असे मानले जाते. वास्तविक घशाच्या उपचारात नळी बहुधा काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा पूल असते, आणि ती वेळेवर घातलेला रुग्ण उपचार अर्धवट सोडण्याची शक्यता कमी होते.

नळीतून जाईल असे अन्न घरी करणे हेही कष्टाचे काम होते. वरण-भात शिजवून पाट्यावर वाटायचा, मलमलीच्या फडक्यातून पिळून काढायचा, पुन्हा पातळ करायचा. 1960 च्या दशकात मुंबईत ‘सुमीत’चा मिक्सर आला आणि हे श्रम मिनिटांवर आले. कोयनेची वीज 1962 पासून चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला निर्माण होऊ लागली, तरी त्याच जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यांवर दिवा पोचायला पुढची अनेक वर्षे गेली. मुंबईत शिकवलेला नळीचा आहार गावी परतल्यावर टिकत नसे, याचे हे एक साधे कारण आहे.

गिरणगावचा आधारही फार काळ उरला नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या, चाळींतली माणसे पांगली, अनेक जण गावी परतले. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि परळ एका रात्रीच्या अंतरावर आले, पण आता तिथे गावची खोली असेलच असे नव्हते. मग उपचारच जिल्ह्याकडे येऊ लागले. 2003 पासून टाटा मेमोरियल केंद्राने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा ग्रामीण कार्यक्रम चालवला. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवणचे वालावलकर रुग्णालय कर्करोगाच्या उपचारासाठी जिल्ह्याचे प्रमुख ठिकाण झाले. रुग्णाच्या घराजवळ उपचार होण्याचा आहाराला थेट फायदा आहे: रांधणारी बाई आणि आहारतज्ज्ञ समोरासमोर बसू शकतात. परळच्या गर्दीत कागदावर लिहून दिलेला तक्ता इथे नाचणी, कुळीथ आणि मुडदुशीच्या भाषेत सांगता येतो.

हा संवाद किती मोलाचा आहे हे लिस्बनमध्ये झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून दिसते. डोके-मानेच्या कर्करोगाचे किरणोपचार घेणाऱ्या 75 रुग्णांचे तीन गट केले गेले. एकाला नेहमीच्या अन्नावर आधारित वैयक्तिक सल्ला, दुसऱ्याला प्रथिनयुक्त तयार पेये आणि तिसरा हवे ते खाणारा. उपचार चालू असताना पहिल्या दोन्ही गटांचा आहार सुधारला. तीन महिन्यांनंतर तो टिकलेला दिसला फक्त सल्ला घेतलेल्या गटात. महागडी पावडर परवडत नाही म्हणून खंतावणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. डबाबंद पावडरीला जागा आहे, विशेषतः नळीच्या आहारात, पण घरच्या अन्नाची जागा ती घेत नाही.

आज जिल्ह्यात घशाच्या रुग्णाला जे अन्न सुचवले जाते त्यात जुनी ओळख स्पष्ट दिसते. पेज आहे, पण ती पाण्याऐवजी दुधात किंवा नारळाच्या दाट रसात केलेली, वरून चमचाभर तूप घातलेली. चहाच्या एका चमच्याएवढ्या तुपाने 45 कॅलरी वाढतात. आटवलीत मुगाची डाळ मूठभर जास्त. नाचणीच्या मोडाच्या पिठाची दुधातली खीर. हे पीठ आता बचत गटांच्या बायका पाकिटातून विकतात. कुळथाच्या पिठात शेकडा बावीसच्या आसपास प्रथिने आहेत, म्हणून पिठी उत्तम, मात्र त्यात मिरची आणि आमसूल नको. मुडदुशी वाफवून, काटे काढून, भाताबरोबर मिक्सरमधून काढलेली. मऊ उकडलेले किंवा खिरीत फेटून शिजवलेले अंडे. शहाळ्याची मलई. मोसमात हापूसचा रस दुधात, घशाला झोंबत नसेल तर. सगळे कोमट किंवा गार, थोडे थोडे, दिवसातून सात-आठ वेळा.

सोडावे लागते ते कोकणी जेवणाचे प्राणच म्हणावेत असे: कोकम, कैरी, चिंच, तिरफळ, लाल तिखट, कुरकुरीत तळलेला मासा. चव आधीच गेलेल्या माणसाकडून हे काढून घेणे सोपे नाही, आणि रांधणाऱ्यांनी ते दुःख समजून घेतले पाहिजे. त्याच वेळी काही जुनी बंधने खुशाल सोडावीत. अंडे उष्ण, दही थंड, केळे कफकारक, मासा जड अशा समजुतींपायी प्रथिनांचे एकेक दार बंद होत जाते. साखर बंद केली की गाठ उपाशी मरेल ही अलीकडची समजूतही तितकीच घातक आहे. उपाशी राहतो तो रुग्ण. मधुमेह असेल तर साखरेचा निर्णय डॉक्टरांचा.

पातळ तेवढे सुरक्षित, हा जुना नियमही या आजारात नेहमी खरा नसतो. घशाचे स्नायू आणि संवेदना बिघडल्या की पाण्यासारखी पेज श्वासनलिकेत उतरते, ठसका लागतो, कधी ठसका न लागताही ती फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. अशा रुग्णाला मधासारखे दाट अन्न अधिक सोपे जाते. कोणाला किती दाट, हे गिळण्याची तपासणी करूनच ठरते, अंदाजाने नाही.

तोंडाने थोडे तरी खाणे चालू ठेवण्याचे महत्त्व आता स्वतंत्रपणे सिद्ध झाले आहे. 2013 मध्ये अमेरिकेतील एम. डी. अँडरसन केंद्राने घशाच्या कर्करोगाच्या 497 रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. किरणोपचाराच्या काळात जे तोंडाने खात राहिले आणि गिळण्याचे व्यायाम करत राहिले, त्यांची गिळण्याची क्षमता नंतर सर्वांत चांगली राहिली. दोन्ही सोडलेल्यांची सर्वांत वाईट. म्हणून नळी लागली तरी, गिळणे सुरक्षित आहे असे तज्ज्ञांनी सांगितले असेल तर, दिवसातून काही चमचे पेज तोंडाने द्यावी. पोषणाचा भार नळी उचलते. घशाला गिळण्याची सवय मोडू न देण्याचे काम त्या चार चमच्यांचे असते. दर आठवड्याला वजन पाहावे, आणि ते दोन किलोंनी उतरले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.